दाजींचा हात फिरल्याशिवाय

लोखंडाला रंग देणारे दोन प्रकारचे असतात. एक प्रकार पोपड्यांवरूनच ब्रश ओढतो, चकचकीत करून देतो आणि पोपडे पुन्हा उठायच्या आत दुसऱ्या भागात राहायला जातो. दुसरा प्रकार डबा उघडायच्या आधी इतकं घासत बसतो, की यांना रंग द्यायला बोलावलंय की लोखंड झिजवायला, असा संशय घरमालकाला येतो. दाजी दुसऱ्या प्रकारातले. त्यामुळे त्यांची पत मोठी होती आणि गिऱ्हाइकं थोडी.

त्यांना दाजी म्हणायचा खरा हक्क एकाच माणसाचा, त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाचा. पण तो दिवसभर शिडीखालून "दाजी, पत्री द्या", "दाजी, सावकाश" असं ओरडत असे. ऐकणाऱ्यांनी तेच उचललं, आणि ओघानेच हा सगळ्यांचा मेहुणा झाला. चाळिशी उलटलेल्या, लग्नाचं राहूनच गेलेल्या माणसाला हार्डवेअरच्या दुकानदारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांनी "काय मेहुणे" म्हणावं, हे त्याला सुरुवातीला टोचलं. पुढे त्याने ते पगारात धरलं. राहायला बहिणीच्या स्वयंपाकघरामागची खोली, ताट बहिणीच्या हातचं आणि काम तिच्या नवऱ्याच्या हाताखाली, असा त्याचा आयुष्याचा ताळेबंद होता. त्यात त्याला कुठे फारसा तोटा दिसत नव्हता.

या दोघांच्या कामात एक रीत होती. जुना रंग पत्रीने खरवडायचा, गंजावर तारेचा ब्रश मारायचा, मग पॉलिश पेपर. जो जुना रंग घट्ट धरून बसलाय तो काढायचा नाही, पण त्याची कड घासून उतरती करायची, म्हणजे रंग कुठे संपला आणि लोखंड कुठे सुरू झालं ते कळता कामा नये. हे सगळं मेहुणा करायचा. मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून तो बाजूला व्हायचा, आणि दाजी यायचे. डोळे मिटायचे. उजवा तळहात लोखंडावर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्यायचे, बोटं थोडी वाकवून, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे कड लागली की हात थांबायचा. नाही लागली की डोळे उघडून म्हणायचे, "घ्या." त्या शब्दानंतर प्रायमरचं झाकण उघडायचं. त्याआधी नाही.

"डोळे मिटता कशाला?" असं कुणी विचारलं की दाजी म्हणत, "डोळा भिडस्त असतो. संध्याकाळ झाली की तो सगळ्यालाच बरं म्हणतो."

एका गेटाला पहिल्याच वर्षी फोड आले होते, तेव्हापासूनची ही रीत. मेहुण्याला ती फार सोयीची होती. काम त्याचं, पण शेवटचा शब्द दुसऱ्याचा. उभ्या आयुष्यात "झालं" असं म्हणायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आणि ती न आल्याचं त्याला दुःखही नव्हतं.

*

मास्तरीणबाईंच्या घराला बाहेरून लोखंडी जिना होता. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा बाईंमधून निवृत्त झाली नव्हती. खाली त्या राहत, वरचे दोन मजले भाड्याने दिलेले, आणि भाडेकरूंची ये-जा याच जिन्याने. तीन टप्पे, मध्ये दोन फरशीएवढे थांबे, दोन्ही बाजूंना पाइपचे कठडे आणि त्यांना उभे गज. रंग असा सुटला होता, की वर जाणाऱ्याच्या बाहीला हिरवे पोपडे चिकटत आणि खाली येणाऱ्याच्या निळे.

"हिरव्याखाली निळा आहे, निळ्याखाली करडा," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. हातात पोपड्यांची बशी होती. "करड्याखाली काय आहे?"

"लोखंड असलं तर नशीब," दाजी म्हणाले.

"नसलं तर?"

"तर भाडेकरूंना खिडकीतून पाठवा."

बाई हसल्या नाहीत, पण बशी घेऊन आत गेल्या आणि चहा पाठवला. दाजींनी तो मान्यतेत धरला.

पहिल्या टप्प्याचा कठडा मेहुण्याने दोन दिवस घासला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी हात फिरवला, "घ्या" म्हणाले आणि गजांकडे वळले. मेहुण्याने रेड ऑक्साइडचा प्रायमर ढवळून ब्रश लावला आणि हातभर गेल्यावर ब्रश अडखळला. नखाएवढी कड उभी होती. उन्हात दिसत नव्हती, पण ब्रशाला लागली.

त्याच्या मनात पहिल्यांदा आलं, हे आपली परीक्षा घेतायत. पूर्वी दाजी तसं करत. मुद्दाम कड सोडून देत आणि प्रायमर लागेपर्यंत मिश्किलपणे बघत बसत. त्याने वळून पाहिलं. दाजी गजाला हात लावून उभे होते, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. मेहुण्याने तेवढा ओला प्रायमर फडक्याने पुसला, कड घासली, पुन्हा प्रायमर लावला. मोठ्या माणसाची एखादी चूक पोटात घालण्यात एक गोड भाव असतो. तो त्याने त्या दिवशी स्वतःच्या नावावर जमा करून घेतला.

दुपारी ऊन चढलं. पत्रा आणि पाइप असे तापले, की मेहुण्याने कठड्याला टेकायला गेलेलं कोपर चटकन मागे घेतलं. दाजी पलीकडच्या कठड्यावर तळहात टेकून बोलत होते. रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीबद्दल. चार उंच लोखंडी पायांवर उभी टाकी, तिच्या पोटाला सरळ उभी शिडी, आणि सगळ्या अंगावरून रंगाचे पापुद्रे लोंबत होते.

"तिच्यावर शेवटचा रंग माझा आहे, मेहुणे. तेव्हा तुम्ही शाळेत पाढे चुकत होता."

"मी अजूनही चुकतो."

"यंदा पुन्हा काढतायत ते काम. पाण्याच्या कचेरीतला कारकून मला भेटला होता. म्हणाला, दाजी, तुम्ही असाल तर दुसरीकडे विचारतच नाही." दाजी टाकीकडे बघत राहिले. "सगळ्या भागातून दिसते ती. माणसाने निदान एक तरी काम असं करावं, की आंधळ्यालासुद्धा सांगता यावं, वर बघ."

मेहुणा टाकीकडे बघत नव्हता. तो दाजींच्या हाताकडे बघत होता. हात अजून त्या तापलेल्या पाइपवरच होता, मांजराच्या पाठीवर ठेवल्यासारखा.

"दाजी, भाजत नाही?"

दाजींनी हाताकडे पाहिलं. मग सावकाश उचलला आणि खिशात घातला.

"रंगाऱ्याची कातडी आहे," ते म्हणाले.

*

संध्याकाळी ताई ताट वाढताना विचारायची. नवरा हातपाय धुवायला गेला, की हळूच.

"काही राहिलं का रे आज?"

हा प्रश्न अलीकडचा होता. मेहुण्याला वाटलं, बायकांना नवऱ्याच्या कामाची काळजी असतेच, आणि हिला जरा उशिरा सुचली एवढंच.

"छे. दाजींचा हात म्हणजे काय, राहील कसं?"

"खरंच ना?"

"ताई, तू त्यांची बायको आहेस की कंत्राटदार?"

ती हसली आणि त्याच्या ताटात जास्तीचं वाढलं. खोटं बोलण्याचा मोबदला इतका लगेच मिळू लागला, की माणसाला ते खोटं वाटेनासंच होतं.

दुसऱ्या टप्प्यावर मेहुणा घासून पुढे गेला होता आणि दाजी मागून हात फिरवत येत होते. मध्ये मेहुणा मागे आला, तर चकचकीत घासलेल्या पाइपवर तांबूस ओघळ. रात्रीच्या दमटपणाने उघड्या लोखंडावर असा पातळ गंज धरतो, म्हणून त्याने पेपर मारला. गंज कोरडा उडतो, हा पेपरला ओला लागला. ओघळ कठड्यावरून खाली गेला होता, थांब्याच्या कोपऱ्यावर ठिपके, तिथून पायरीवर. त्यांच्यामागून तो खाली उतरला. दाजी तळच्या पायरीवर चहा पीत बसले होते. पेल्यावर चारही बोटं लाल उमटली होती.

"दाजी, हात."

"काय झालं?"

"बघा तरी."

दाजींनी तळहात उलटा केला. कुठल्यातरी तुटक्या काठाने करंगळीखालपासून मनगटापर्यंत चिरला होता. त्यांनी तो असा पाहिला, जसा कुणाचा तरी सापडलेला हातमोजा बघावा.

"अरेच्चा," ते म्हणाले. "चहात म्हणूनच मजा नव्हती."

मेहुण्याने फडकं बांधलं. दाजींना साखर होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि साखर पायाला काय करते हेही. दाजींच्या वडिलांचा एक पाय तिने नेला होता. पण ती हाताच्या आतली जाण पुसून नेते, आणि तीही याच हाताची, हे मेहुण्याच्या डोक्यात त्या फडक्याची गाठ मारताना शिरलं. गाठ त्याने गरजेपेक्षा घट्ट मारली. दाजींनी "दुखतंय" म्हणावं म्हणून. ते म्हणाले नाहीत.

इथे दुसरा एखादा असता, तर त्याच संध्याकाळी बहिणीला सांगता. मेहुण्याने वेगळा मार्ग काढला, आणि तो त्याला फार शहाणपणाचा वाटला. आपण इतकं चोख घासायचं, की दाजींच्या हाताला सापडण्यासारखं काही ठेवायचंच नाही. त्यातूनही एखादी कड राहिलीच, आणि दाजी "घ्या" म्हणाले, तर ते चहाला खाली उतरले की आपण गुपचूप पेपर मारून घ्यायचा. जिन्याचं काम चोख होईल, दाजींचा शब्द राहील, ताईला घोर लागणार नाही. कुणाचं नुकसान?

नुकसानीचा रकाना त्याने रिकामा सोडला. खरं तर या भलेपणात थोडी भीतीही मिसळलेली होती, पण ती त्याने वेगळी काढून पाहिली नाही. दाजी या कामातून उठले, तर "घ्या" कुणी म्हणायचं?

*

आणि चमत्कार असा, की दाजी खुलले. शीळ घालू लागले. मास्तरीणबाईंची चेष्टा करू लागले. हात फिरवून झाला की पूर्वी नुसतं "घ्या" म्हणत, आता म्हणायचे, "घ्या, मेहुणे. लोण्यासारखं लागतंय." एकदा तर मेहुण्याने मुद्दामच, दाजींना धीर यावा म्हणून, अंगठ्याएवढा जाड पोपडा तसाच सोडला. तो कुणाच्या कोपरालाही लागला असता. दाजींचा हात त्यावर थांबला. त्यांच्या तोंडावर असं काही उजळलं, की मेहुण्याला दुसरीकडे बघावं लागलं.

"हा बघा. राहिलाय."

"चुकलं, दाजी."

"अहो, चुकलं कसलं. बरं केलंत." आणि त्यांनी स्वतः पत्री मागून घेतली.

जे सापडायचं ते सापडत होतं आणि जे सापडत नव्हतं ते कुणाला दिसत नव्हतं. ताईचा रोजचा प्रश्न आणि मेहुण्याचं रोजचं उत्तर चालूच होतं. ताईही हल्ली वाढताना गुणगुणत असे.

फसला तो एका ठिकाणी. दुसरा टप्पा ज्या थांब्यावरून सुरू होई, तो मास्तरीणबाईंच्या खिडकीला लागूनच होता. दाजी चहाला उतरले, मेहुण्याने खिशातून पॉलिश पेपर काढला आणि नुकत्याच पास झालेल्या गजावर चालवला, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"हे तर झालं होतं ना? ते आत्ता म्हणाले, घ्या."

"जरा राहिलं होतं, बाई."

"कालही राहिलं होतं. परवाही." बाईंनी चष्मा पुसला. "पेपर तपासून झाल्यावर स्वतःची उत्तरं दुरुस्त करणारी पोरं मी पुष्कळ पकडली. तपासणाऱ्या मास्तरांचेच मार्क वाढवून ठेवणारा तुम्ही पहिला."

"त्यांना सांगू नका."

"मी कशाला सांगू? माझा जिना चांगला होतोय." त्या खिडकीपासून वळता वळता थांबल्या. "पण मास्तरांना वाटेल ना, आपल्याला सगळं नीट दिसतंय."

मेहुणा कसनुसा हसला. बाईंना सगळ्यातच धडा दिसतो, असं म्हणून त्याने तो विषय गजावर घासून टाकला.

*

शेवटच्या टप्प्याचं घासणं संपत आलं, त्या संध्याकाळी ताईने दोघांना एकदम वाढलं नाही. नवरा अंघोळीला गेल्यावर ती भावासमोर येऊन बसली, पदराशी चाळा करत. चेहरा लग्न ठरलेल्या मुलीसारखा.

"टाकीचं ठरलं. उद्या दुपारी तो कारकून जिन्यावरच येतोय, हो-नाही विचारायला. मी यांना हो म्हणाले."

मेहुण्याचा घास तोंडातच राहिला. "तू कशी काय हो म्हणालीस?"

"माझ्यावरच होतं ते. तुला सांगितलं नव्हतं, यांनी शपथ घातली होती." तिने मोरीकडे एकदा पाहिलं. "यांच्या बोटांतली जाणीव गेली होती. कितीतरी महिने झाले. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं सांगता येत नाही. मी म्हटलं, आता शिडीवर चढायचं नाही. हे ऐकतायत होय? शेवटी मीच तोड काढली. म्हटलं, या जिन्यावर बघू. सगळा जिना हात फिरवा. एक जरी जागा तुमच्या हाताला न कळता राहिली, तर टाकी विसरायची आणि खाली बसून काम सांगायचं. नाही राहिली तर मी अडवणार नाही."

"आणि राहिली की नाही ते तुला कोण सांगणार होतं?"

"तू. रोज सांगत होतास की." ती हसली. "यांना मी म्हटलं, माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलणार नाही. हेही म्हणाले, मेहुणे म्हणतील ते मान्य. आणि बघ, हात खरंच सुधारला. हे तर म्हणतात, डॉक्टरांपेक्षा लोखंड बरं. गोळ्याही सोडल्यात आठवडाभर."

आतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मेहुण्याला सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते आणि वाक्यही जुळत होतं. पण ताईने त्याच्या ताटात जास्तीचं वाढलं, दाजी डोकं पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "काय मेहुणे, टाकीवरून आपलं घर दिसतं, बरं का. वरून हाक मारली तर तुमच्या ताईला ऐकू जाईल का?"

"जाईल," मेहुणा म्हणाला. त्याने घास गिळला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेवटच्या टप्प्याचा कठडा नेहमीसारखा घासला. वरच्या थांब्याजवळ, हात सहज पोचेल अशा ठिकाणी, त्याने एक कड सोडली. पहिल्या टप्प्यावर राहिली होती तेवढीच, नखाएवढी. पलीकडे टाकी उन्हात उभी होती. तिची शिडी मनगटाएवढ्या नळ्यांची, आणि ती चढताना माणसाकडे धरायला हातांशिवाय दुसरं काही नसतं. मेहुण्याने फडक्याने कठडा पुसला आणि बाजूला झाला.

"या, दाजी."

दाजींनी डोळे मिटले. हात खालून वर येऊ लागला. गज, गज, जोड. कडेजवळ आला. कडेवर आला. कडेवरून पुढे गेला. थांब्यापर्यंत जाऊन थांबला.

"घ्या," दाजी म्हणाले. "शेवटचंच आहे, जरा प्रेमाने घ्या."

मेहुणा हलला नाही. झाकण तसंच बंद.

"काय मेहुणे, झोप लागली का?"

मेहुण्याने त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्याने दाजींचा हात असा कधी धरला नव्हता. त्याने तो मागे नेला आणि त्यांच्या पहिल्या बोटाचं टोक बरोबर कडेवर ठेवलं.

"इथे काय लागतं?"

दाजींनी बोट पुढे-मागे केलं. मग दुसरं. मग अंगठा. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं नाही. ते वाकले आणि आपला गाल त्या पाइपला लावला, गालाने हळूहळू वर सरकले. कडेपाशी थांबले. खालून कुणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, हा माणूस कठड्याला कान लावून काहीतरी ऐकतोय.

सरळ झाले तेव्हा गालावर लोखंडाची करडी पूड लागली होती.

"राहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"बाकीचे टप्पे?" आवाज अगदी साधा होता. "तिथे काहीच राहिलं नव्हतं?"

"राहिलं होतं."

"कुणी काढलं?"

मेहुण्याने खिशातून झिजलेला पॉलिश पेपर काढला. तेच उत्तर होतं.

"कधीपासून करतोयस?" दाजींनी त्याला आजवर मस्करीतसुद्धा अहो-जाहोच केलं होतं. आज ते गळून पडलं. "पहिल्यापासून?"

"पहिल्या टप्प्यापासून. मला तुमचं ठरलेलं माहीत नव्हतं, दाजी. ताईने काल सांगितलं. मला वाटलं, तुमचा शब्द राहावा..."

"तो अंगठ्याएवढा पोपडा?"

मेहुण्याने हातातल्या पेपराची घडी घातली.

"तोही तूच ठेवला होतास." दाजींनी मान हलवली. "त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याभर कुंपणाच्या गजांवरून हात फिरवत गेलो. वाटलं, परत येतंय." त्यांनी बोटं मिटून उघडली. "म्हणजे सुधारत नव्हता."

मेहुण्याला त्यांनी रागवावं असं वाटत होतं. राग आला असता, तर हिशेब काही अंशी तरी मिटता. दाजी रागावले नाहीत. त्यांनी तळहात समोर धरला आणि त्यावरची सुकत आलेली चीर बघत राहिले, जसं एखादं पत्र आपल्याला आलेलं नाही, असं पाकीट फोडल्यावर कळावं.

"ओ दाजी," खालून हाक आली. कारकून आला होता, काखेत फाइल, डोळ्यांवर हाताची सावली करून वर बघत. "वर येऊ की खालूनच हो म्हणता?"

खाली आपल्या खिडकीत मास्तरीणबाई मान वर करून उभ्या दिसल्या. त्यांनी एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या पेपराकडे, आणि खिडकीचं दार न वाजवता लावून घेतलं.

दाजी कठड्याशी आले. टाकीकडे बघितलं. मेहुण्याला वाटलं, आता हे हो म्हणणार. आणि आपण काय करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"यांना विचारा," दाजी म्हणाले. "मेहुणे सांगतील ते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हाताबद्दल त्यांना जास्त माहिती आहे."

कारकून हसला. त्याला ती चेष्टा वाटली. "बोला मेहुणे, मग?"

मेहुण्याने तोंड उघडलं. इतकी वर्षं कुणीतरी दुसऱ्याने बोलायच्या जागी आता तो एकटा उभा होता आणि खाली एक माणूस मान वर करून थांबला होता. टाकी दाजींच्या डोळ्यांसमोर होती.

"नाही जमणार," तो म्हणाला. आवाज खालपर्यंत पोचला नाही. त्याला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं.

कारकुनाने "का हो?" म्हणून विचारलं, थोडा घुटमळला आणि फाइल सावरत गेला.

दाजी खाली उतरायला लागले. मेहुणा पटकन त्यांच्या पुढे जाऊन एक पायरी खाली, उलट्या पावलांनी उतरू लागला, दोन्ही हात पसरून.

"समोरून हल," दाजी म्हणाले. "पायऱ्या मला दिसतात."

तो बाजूला झाला. दाजी कठडा धरूनच उतरले. हात पाइपवर आहे की नाही, हे प्रत्येक पावलाला डोळ्यांनी पाहत. तळच्या पायरीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून.

वर कठडा उघडा होता. पुसून तयार झालेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवायचं नाही, सकाळपर्यंत गंज धरतो. मेहुण्याने कड घासली, पुसली, आणि डोळे मिटून हात फिरवला. गुळगुळीत लागलं. खरंच लागलं की लागावंसं वाटलं, म्हणून पुन्हा फिरवला. खाली दाजींची पाठ दिसत होती. त्यांनी वळून विचारलं असतं, तर बरं झालं असतं. तिसऱ्यांदा फिरवल्यावर त्याने झाकण उघडलं. "घ्या" तो म्हणाला नाही. घेणारा तोच होता.

*

संध्याकाळी दार ताईने उघडलं. नवऱ्याच्या गालावरची करडी पूड तिला आधी दिसली.

"हे काय? कुणाच्या गळ्यात पडलात आज?"

दाजी चपला काढत राहिले. एरवी ते आत जाईपर्यंत ती थांबायची. आज आनंदाच्या भरात तिला तेवढा धीर नव्हता. तिने दारातच, दोघांसमोर, भावाला विचारलं.

"काही राहिलं का रे आज?"

मेहुण्याने मान वर केली. पण त्याच्या आधी दाजी बोलले.

"राहिलं. सगळ्या टप्प्यांवर राहिलं होतं. त्याने तुला सांगितलं नाही, एवढंच."

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तिथेच राहिलं, कुणी न उचललेल्या भांड्यासारखं. मग तिने नवऱ्याकडे नाही, भावाकडे पाहिलं. त्या बघण्यात शिवी नव्हती, रडणं नव्हतं. एखाद्या माणसाला आपण कितपत ओळखतो हे पहिल्यापासून मोजायला घ्यावं, तसं ते होतं.

"गोळ्या कुठे ठेवल्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"फडताळात."

ती आत गेली. पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली आणि दाजींनी गोळी घेताना ती त्यांच्या हाताला खालून आपला हात लावून उभी राहिली, पेला सुटू नये म्हणून. त्यांनी तो हात झटकला नाही. तिथे हात आहे, हे त्यांना कळलं असेलच असंही नाही.

मेहुण्याला नेहमीच्या वेळेला वाढलं गेलं. सगळं होतं ताटात, आणि तेवढंच होतं. त्या संध्याकाळनंतर ताईने तो प्रश्न त्याला पुन्हा कधी विचारला नाही. काम तो एकटाच करायचा. दाजी खाली स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचे. जिथे मेहुण्याला शंका येई, तिथे तो वरून हाक मारायचा, "दाजी, बघता का जरा?"

"तूच बघ," दाजी म्हणायचे. "हात तुझा आहे."